प्रयोगशाळेतील सुरक्षेची जबाबदारी कोणाची?

- प्रतिनिधी

कामगारविषयक चार संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून देशात लागू झाल्या. त्यांपैकी २०२० च्या व्यावसायिक सुरक्षा संहितेत १९४८ चा कारखाने कायदा सामावून घेण्यात आला आहे. या बदलाची चर्चा प्रामुख्याने कारखान्यांच्या अंगाने झाली. घातक रसायने रोज हाताळणारा विद्यार्थी-संशोधक मात्र या चर्चेत फारसा दिसला नाही.

दोन दुर्घटनांचे स्मरण येथे उचित ठरेल. २९ डिसेंबर २००८ रोजी कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या लॉस एंजेलिस येथील प्रयोगशाळेत २३ वर्षांची संशोधन साहाय्यक टर्शरी ब्यूटाइल लिथियम सिरिंजने काढत होती. हवा लागताच पेटणारे हे रसायन. सिरिंजचा दट्ट्या निसटला, रसायन उडाले आणि तिच्या कृत्रिम धाग्याच्या स्वेटरने पेट घेतला. अंगावर अ‍ॅप्रन नव्हता. अठरा दिवसांनी तिचा मृत्यू झाला. त्यानंतर बरोबर एका वर्षाने, २९ डिसेंबर २००९ रोजी, मुंबईत ट्रॉम्बे येथील भाभा अणुसंशोधन केंद्राच्या रसायनशास्त्र प्रयोगशाळेत आग लागून दोन तरुण संशोधक मृत्युमुखी पडले.

लॉस एंजेलिसच्या प्रकरणात पुढे जे घडले ते महत्त्वाचे आहे. अपघाताच्या दोन महिने आधी झालेल्या अंतर्गत तपासणीत त्याच प्रयोगशाळेतील त्रुटी नोंदवल्या गेल्या होत्या, पण त्या वेळेत दूर झाल्या नाहीत. राज्याच्या कामगार सुरक्षा यंत्रणेने विद्यापीठाला दंड ठोठावला. २०११ मध्ये विद्यापीठ आणि संबंधित प्राध्यापक यांच्यावर फौजदारी आरोप ठेवण्यात आले. पुढे ही प्रकरणे तडजोडीने मिटली. कायद्याचा हात येथवर पोहोचला, कारण मृत तरुणी पगारी कर्मचारी होती. ती विद्यार्थिनी असती, तर त्या यंत्रणेला अधिकारच उरला नसता.

आपल्याकडील स्थिती याहून वेगळी नाही. १९८४ च्या भोपाळ दुर्घटनेनंतर १९८७ मध्ये कारखाने कायद्यात धोकादायक प्रक्रियांविषयी स्वतंत्र प्रकरण आले. १९८९ मध्ये घातक रसायनांच्या निर्मिती व साठवणुकीचे नियम झाले. परंतु त्यांचा रोख मोठ्या साठ्यांवर होता. प्रयोगशाळेत रसायन ग्रॅममध्ये असते. मात्र प्रकार शेकडो असतात. नव्या संहितेतही वेतनावर नेमलेली व्यक्ती म्हणजे कर्मचारी, अशीच व्याख्या आहे. विद्यावेतन घेणारा पीएच.डी.चा विद्यार्थी किंवा शुल्क भरून प्रयोग करणारा एम.एस्सी.चा विद्यार्थी या चौकटीत सहज बसत नाही. परिणामी त्याची सुरक्षा मार्गदर्शकाच्या दक्षतेवर अवलंबून राहते.

अपघातानंतर 'विद्यार्थ्याने काळजी घ्यायला हवी होती' असे म्हणणे सोपे असते. अमेरिकेतील डार्टमाउथ महाविद्यालयाच्या प्राध्यापिका केरन वेटरहान यांचे उदाहरण या युक्तिवादाला छेद देते. ऑगस्ट १९९६ मध्ये डायमिथाइल मर्क्युरीचे काही थेंब त्यांच्या हातमोज्यावर पडले. हातात लेटेक्सचे मोजे होते, काम फ्यूम हूडमध्ये चालले होते. तरीही जून १९९७ मध्ये पाऱ्याच्या विषबाधेने त्यांचा मृत्यू झाला. हे रसायन अशा मोज्यातून पंधरा सेकंदांच्या आत आरपार जाते, हे नंतरच्या चाचणीत उघड झाले. तज्ज्ञाची सावधगिरीही जेथे अपुरी पडली, तेथे नवख्या विद्यार्थ्याकडून काय अपेक्षा करावी?

उपाय खर्चिक आहेत असेही नाही. प्रयोगाआधी प्रत्येक रसायनाचे सुरक्षा माहितीपत्रक वाचणे, ईथरच्या बाटलीवर ती उघडल्याची तारीख लिहिणे (जुन्या ईथरमध्ये स्फोटक पेरॉक्साइड साचतात), नायट्रिक आम्लाचा कचरा अ‍ॅसिटोनसारख्या द्रावकात कदापि न मिसळणे, सुती अ‍ॅप्रन व गॉगलशिवाय प्रवेश नाकारणे आणि रात्री एकट्याने काम करू न देणे, एवढ्यानेही बराच धोका टळतो. मात्र हे नियम पाळले जातात की नाही, हे पाहणारा अधिकारी नेमलेला हवा आणि काम थांबवण्याचा अधिकार त्याला हवा.

विद्यार्थी हा कायद्याच्या दृष्टीने कामगार नसेल; पण आम्ल त्याची त्वचाही तितकीच जाळते. संहितेच्या कक्षेत त्याला आणणे किंवा विद्यापीठांसाठी स्वतंत्र बंधनकारक नियम करणे, यांपैकी एक मार्ग शासनाने आता निवडला पाहिजे.