‘विसरून जा’ म्हणणे सोपे असते

‘झाले ते झाले, आता विसर आणि कामाला लाग.’ नाते तुटलेल्या माणसाला आपल्याकडे पहिला सल्ला हाच मिळतो. देणाऱ्याचा हेतू चांगला असतो, पण सल्ला उपयोगाचा नाही. विसरणे हे इच्छाशक्तीचे काम नव्हे.

अमेरिकेतील मानववंशशास्त्रज्ञ हेलन फिशर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१० मध्ये प्रेमभंग झालेल्या १५ जणांच्या मेंदूचा एफएमआरआय तंत्राने अभ्यास केला. सोडून गेलेल्या व्यक्तीचे छायाचित्र पाहताना त्यांच्या मेंदूतील जे भाग सक्रिय झाले, त्यांत कोकेनच्या तलफेशी संबंधित भागही होते. पुढच्याच वर्षी ईथन क्रॉस यांच्या गटाला दिसले की, अशा छायाचित्राने मेंदूचे काही भाग हाताला चटका बसल्यासारखेच जागे होतात. अभ्यास छोटे आहेत. ‘प्रेम म्हणजे व्यसन’ असे समीकरण मांडण्याची घाई नको. पण रात्री दोन वाजता जुने मेसेज उघडणाऱ्या मुलीला ‘मनाने कच्ची’ म्हणण्याआधी थांबायला एवढे पुरे.

छळणारे नाते सोडणे तर त्याहून अवघड. नऊ दिवस टोमणे, संशय, अबोला आणि दहाव्या दिवशी गजरा नि माफी! बक्षीस कधी मिळेल याचा नेम नसला की सवय लवकर सुटत नाही, हे बी. एफ. स्किनर यांच्या कबुतरांवरील प्रयोगांपासून मानसशास्त्राला माहीत आहे. लॉटरीचे तिकीट घेणाराही याच आशेवर असतो. म्हणून ‘एवढा त्रास होता तर राहिलीस कशाला?’ हा प्रश्न मला क्रूर वाटतो. (पुरुषही हे भोगतात, बोलत नाहीत एवढेच.)

मग करायचे काय? आधी फोन. नंबर ब्लॉक करणे, स्टेटस न पाहणे हा पोरकटपणा नाही, ते पथ्य आहे. मुलांमुळे किंवा नोकरीमुळे संपर्क टाळता येत नसेल, तर कामापुरते आणि लेखी बोलावे. झोपेची वेळ सांभाळावी, रोज चालावे, उपदेश न करता ऐकणारे एक तरी माणूस जवळ असावे. फिशर यांच्याच अभ्यासात, प्रेमभंगाला जितके दिवस उलटले होते, तितकी ओढीशी निगडित एका भागातील हालचाल कमी दिसली. अर्थात हे दिवस घरच्यांनी काढू द्यायला हवेत. सहा महिने झाले नाहीत तोच मावशी-आत्या दुसरे ‘स्थळ’ घेऊन हजर होतात, ते काही औषध नव्हे.

मारहाण होत असेल तर निघण्याचा काळच सर्वांत धोक्याचा असू शकतो. विश्वासातल्या व्यक्तीला आधी सांगून, कागदपत्रे हाताशी ठेवून मगच पाऊल उचलावे. महिलांसाठी १८१ ही हेल्पलाइन आहे. दोन आठवड्यांहून अधिक काळ झोप-भूक हरवली असेल तर डॉक्टरांना भेटावे. जिवाचे बरेवाईट करण्याचे विचार येत असतील तर एक दिवसही थांबू नये. ‘टेलि-मानस’चा १४४१६ हा क्रमांक दिवसरात्र सुरू असतो, तिथे मराठीतही बोलता येते.