बीज सोडले, वाट कोण सोडणार?

कोथरूडच्या कडेने मुठा वाहते असे आपण सवयीने म्हणतो. प्रत्यक्षात पावसाळा सरल्यावर पात्रात उरते ते बहुतांशी शहराचे सांडपाणी. याच मुळा-मुठेतील एका महासीर माशाचे वर्णन कर्नल साइक्स यांनी १८३९ साली केले आणि काठावरच्या लोकांच्या तोंडचा 'खुद्री' हा शब्द त्याच्या शास्त्रीय नावात कायमचा बसवला. नाव टिकले, पण शहरातील पात्रात तो मासा दिसण्याची आशा आज कोणी धरत नाही.

महासीर पावसाळ्यात प्रवाहाविरुद्ध चढतो आणि स्वच्छ, खळाळत्या पाण्यातील गोट्यांवर अंडी घालतो. १८७९ साली खडकवासल्याची भिंत उभी राहिली. पुढे पानशेत, वरसगाव, टेमघर आले आणि ही वाट जागोजागी तुटली.

लोणावळ्याला, वीजनिर्मितीसाठी पाणी अडवणाऱ्या टाटांच्याच कंपनीने १९७०च्या दशकापासून वळवण येथे महासीरची कृत्रिम पैदास चालवली. डॉ. सी. व्ही. कुलकर्णी यांच्यासारख्या मत्स्यतज्ज्ञांच्या या कामाचे मोल आम्ही कमी लेखत नाही. परंतु तेथील बीज कावेरीतही सोडले गेले. खुद्री तेथे फोफावला आणि कावेरीचा मूळचा कुबडा महासीर मागे हटला. तो २०१८ साली अतिसंकटग्रस्त ठरला, त्याच्या अनेक कारणांपैकी हे एक. मासे वाढवणे आणि नदी सावरणे या दोन भिन्न गोष्टी आहेत.

अमेरिकेत क्लामथ नदीवरील चार धरणे पाडण्याचे काम २०२४ साली पुरे झाले आणि त्याच शरदात सॅमन मासे धरणांच्या जुन्या जागा ओलांडून वर गेले. ही धरणे मुख्यतः विजेसाठी होती. आमची धरणे पुण्याची तहान भागवतात, ती पाडा असे कोणी शहाणा म्हणणार नाही. मात्र धरणाखाली बारमाही थोडे पाणी सोडणे, न अडवलेले ओढे तसेच राखणे, वाळूउपसा आणि सांडपाणी थांबवणे एवढे तरी आपल्या हाती आहे. देहूला इंद्रायणीच्या डोहातील मासे लोकांनी श्रद्धेने राखले. पण वरून येणारे पाणीच नासले तर एकटी श्रद्धा काय करणार?

आम्ही भाषेचे शिक्षक. शब्द जपणे हे आमचे काम. म्हणूनच नदीकाठचा एक मराठी शब्द जगाच्या प्राणिशास्त्रात सुखरूप असावा आणि त्याचा अर्थ मात्र पुण्याच्या पाण्यात पोहू नये, याचे आम्हांस अधिक वाईट वाटते. वर्षाला किती बोटुकली सोडली याचे आकडे यापुढेही प्रसिद्ध होतील. आम्ही विचारू तो प्रश्न निराळा: त्यांतील किती मासे आपल्या बळावर वर चढून अंडी घालू शकले?