नऊ आण्यांची तुलना

१८८२ साली पुण्याच्या श्री शिवाजी छापखान्यात एक लहानसे पुस्तक छापले गेले. प्रती ५००, किंमत ९ आणे. नाव ‘स्त्री-पुरुष तुलना’. लेखिका वऱ्हाडातल्या बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे. वडील बापूजी हरी शिंदे हे डेप्युटी कमिशनरच्या कचेरीत हेडक्लार्क आणि सत्यशोधक समाजाचे सभासद. त्यांनी मुलीला घरीच शिकविले. मुलीने त्या शिक्षणाचे काय केले, हे या एकाच पुस्तकातून कळते. कारण त्यानंतर त्यांच्या नावावर दुसरे पुस्तक नाही.

पुस्तकाला निमित्त झाले सुरतेच्या एका खटल्याचे. १८८१ साली विजयालक्ष्मी नावाच्या तरुण ब्राह्मण विधवेला नवजात अर्भकाच्या हत्येबद्दल फाशीची शिक्षा झाली. पुढे अपिलात फाशीऐवजी काळे पाणी झाले. विधवाविवाहाचा कायदा १८५६ सालीच झाला होता. पण कायदा कागदावर आणि कात्री न्हाव्याच्या हातात, अशी स्थिती होती. निकालानंतर वर्तमानपत्रांतून समस्त स्त्रीजातीच्या अनीतीवर लेख येऊ लागले. त्या मुलाला बापही असणार, हा विचार लिहिणाऱ्यांना शिवलाही नाही. ताराबाई स्वतः मराठा घरातल्या. खटला परक्या प्रांतातला, बाई परक्या जातीची. तरीही हा आरोप आपल्यावरच आहे असे समजून त्यांनी लेखणी उचलली.

त्यांची रीत मला फार आवडते. स्त्रिया देवता आहेत, त्यांना दोष देऊ नका, असे त्या म्हणत नाहीत. स्त्रियांवर लादलेला एकेक दुर्गुण त्या हातात घेतात आणि तो पुरुषाच्या पारड्यात घालून पाहतात. बाई कपटी म्हणता? मग लाच कोण खाते, खोटे दस्तऐवज कोण करते, दारू पिऊन घर कोण बुडविते? सावित्री नवऱ्यासाठी यमाच्या मागे गेली. बायकोसाठी यमाच्या दारी गेलेला एखादा नवरा दाखवा. नवरा मेल्यावर बाईने केस काढायचे, तर बायको मेल्यावर पुरुषाने दाढीमिशा काढून रानात का जाऊ नये? सभेत सुधारणेची भाषणे झोडून घरी तसेच वागणाऱ्यांनाही त्यांनी सोडलेले नाही.

मी आयुष्यभर बँकेत नोकरी केली. नावे आणि जमा या दोन्ही बाजू एकाच मापाने लिहायच्या, हा आमचा पहिला धडा. तो धडा मी कागदावर पाळला, माणसांच्या बाबतीत पाळला नाही. एका तालुक्याच्या गावी अधिकारी असताना एक विधवा बाई नवऱ्याची मुदत ठेव काढायला आली. कागद सगळे बरोबर होते. मी विचारले, “बरोबर कोण आहे? दीर, भाऊ कोणी?” बाई म्हणाली, “साहेब, सही तर मलाच करायची आहे ना?” मी तिला दुसऱ्या दिवशी कोणाला तरी घेऊन यायला सांगितले. त्याच आठवड्यात एक मास्तर मृत पत्नीचे बचत खाते बंद करायला आले. त्यांना मी खुर्ची दिली, चहा मागविला आणि काम अर्ध्या तासात करून दिले. आमच्या नियमांच्या पुस्तकात ‘बरोबर कोण आहे’ हा प्रश्न कुठेही नव्हता. तो मी माझ्या घरातून आणला होता.

पुढे केव्हातरी ताराबाई वाचल्या, तेव्हा ती बाई आणि ते मास्तर मला शेजारी शेजारी दिसले. तोवर मी स्वतःला बऱ्यापैकी सुधारक समजत होतो.

ताराबाईंच्या काळच्या सुधारकांनाही हे पुस्तक सहज पचले नाही. जोतीराव फुले यांनी मात्र १८८५ साली ‘सत्सार’मधून त्यांची बाजू जाहीरपणे घेतली. त्यानंतर पुस्तक जणू तळघरात गेले. १९७५ साली स. गं. मालशे यांनी ते पुन्हा प्रसिद्ध केले, तोवर ९३ वर्षे लोटली होती. १९९४ साली रोझलिंड ओ’हॅन्लन यांच्या इंग्रजी अनुवादाने ते परदेशी अभ्यासकांपर्यंत पोचले.

मे २०२२ मध्ये कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीने नवरा गेल्यावर बाईचे कुंकू पुसणे, बांगड्या फोडणे, मंगळसूत्र तोडणे या प्रथा बंद करण्याचा ठराव केला. त्याच महिन्यात राज्य सरकारने इतर गावांनाही तसे करण्याचे आवाहन केले. ठराव मोलाचा आहे, त्याचे कौतुक व्हायलाच हवे. पण १८८२ नंतर १४० वर्षांनी तो करावा लागला, आणि विधुराच्या अंगावरून काही उतरवू नये असा ठराव कोणत्याच गावाला कधी करावा लागला नाही. ताराबाईंची तुलना अजून संपलेली नाही, ती एवढ्यासाठी.

आपण आता स्त्रीचा गौरव पुष्कळ करतो. हार, श्रीफळ, भाषणे यांत कमतरता नसते. गौरव करणे सोपे आहे, त्यात आपल्याला काही सोडावे लागत नाही. तुलना अवघड, कारण तिथे दुसऱ्या पारड्यात आपण स्वतः बसतो. घरात, कचेरीत, तेराव्याच्या पंगतीत एखाद्या बाईला काही विचारण्यापूर्वी, हेच मी पुरुषाला विचारले असते का, एवढे मनाशी ताडून पाहावे. त्या बाईला दुसऱ्या दिवशी दिराबरोबर यावे लागले. पैसे मिळाल्यावर तिने मला नमस्कार केला. तो नमस्कार अजून माझ्या नावे बाजूला आहे.