आकाश सर्वांचे, दुर्बीण कोणाची?

शहरवासीयांना रात्रीचे आकाश परके झाले आहे. २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रकाशप्रदूषणाच्या जागतिक नकाशासंग्रहानुसार, एक तृतीयांशाहून अधिक मानवजातीला आकाशगंगा दिसतच नाही. पेंच व्याघ्र प्रकल्पाला २०२४ मध्ये ‘डार्क स्काय पार्क’चा दर्जा मिळाला, हे स्वागतार्हच, परंतु तेथवर जाणे किती जणांना परवडेल?

सॅन फ्रान्सिस्कोत जॉन डॉब्सन व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६८ पासून नेमका उलटा मार्ग धरला. स्वस्त साहित्यातून बनविलेल्या दुर्बिणी पदपथावर मांडून त्यांनी येणाऱ्याजाणाऱ्यांना विनामूल्य आकाश दाखविले. चंद्र, गुरू, शनी यांना शहरी झगमगाटाची फारशी बाधा होत नाही, हे या पद्धतीचे बलस्थान.

पुण्याच्या ज्योतिर्विद्या परिसंस्थेची स्थापना १९४४ मधील. तेव्हा हौशी खगोलप्रेमींची परंपरा आपल्याकडेही जुनीच. प्रश्न आहे तो व्यवस्थेचा. प्रत्येकी एक मिनिट दिले, तरी एका दुर्बिणीतून तासाला ६० जणच पाहू शकतात. म्हणजे १,००० नागरिकांसाठी सहा दुर्बिणी सुमारे तीन तास हव्यात आणि प्रत्येकीजवळ जाणता स्वयंसेवकही. शुक्ल अष्टमीच्या आसपासची रात्र निवडल्यास चंद्रविवरांच्या सावल्या ठळक दिसतात.

स्वयंसेवक आपला वेळ आणि दुर्बीण देतात. महापालिकांनी मैदान विनाशुल्क द्यावे व तेवढ्या वेळापुरते तेथील प्रखर दिवे मालवावेत. एवढेही जमणार नसेल, तर वैज्ञानिक दृष्टिकोनावरील भाषणांना अर्थ तो काय?