मफलर आधी, मग चासी

पुण्यात स्वतःच्या हाताने स्पोर्ट्स कार बांधणारी मंडळी आज अभियांत्रिकी महाविद्यालयांच्या वर्कशॉपमध्ये भेटतात. इंग्लंडात 1957 साली लोटस सेव्हन सुट्या भागांच्या संचात मिळू लागली आणि घरच्या गॅरेजात गाडी जोडण्याची तिथे परंपराच पडली. आपल्याकडे रस्त्यावर येणाऱ्या गाडीच्या नमुन्याला एआरएआयसारख्या चाचणी संस्थेची मान्यता लागते. एकट्या हौशी माणसाने जोडलेल्या एकुलत्या गाडीला नंबर मिळणे जवळपास अशक्य. म्हणून ही हौस फॉर्म्युला स्टुडंट पद्धतीच्या, महाविद्यालयीन संघांच्या स्पर्धांसाठी बांधलेल्या एकआसनी गाड्यांमध्ये उतरली. विद्यार्थी नळ्यांची चासी स्वतः वेल्ड करतात. इंजिन पुष्कळदा चाकणला बनलेल्या केटीएम 390चे, 373 सीसीचे, एका सिलिंडरचे असते. आणि बेंड पाईपपासून मफलरपर्यंतचा सगळा एक्झॉस्ट सर्वांत शेवटी, स्पर्धा तोंडावर आली असताना, उरलेल्या जागेत कोंबला जातो.

माझा वाद या शेवटच्या सवयीशी आहे. ती आळसातून आलेली नाही. काही ठाम समजुती तिच्या मुळाशी आहेत.

पहिली समजूत अशी, की धुराला वाट जितकी मोकळी तितकी ताकद जास्त. बुलेटची पुंगळी बदलणारा आणि फॉर्म्युला गाडी बांधणारा, दोघेही हेच बोलतात. पण एक्झॉस्टमधून नुसता धूर वाहत नाही, त्यातून दाबाच्या लाटा धावतात. एक्झॉस्ट व्हाल्व उघडला की दाबाची लाट पाईपभर पळते, उघड्या टोकाशी पोचताच उलटते आणि कमी दाबाची लाट होऊन परत येते. व्हाल्व मिटायच्या आत, इनटेक व्हाल्व नुकताच उघडू लागलेला असताना ती पोचली, तर उरलासुरला धूर बाहेर ओढते आणि ताज्या हवेला आत खेचते. चुकीच्या क्षणी पोचली तर तेच काम बिघडवते. तापलेल्या वायूत ही लाट सेकंदाला सुमारे 600 मीटर धावते. 7500 आरपीएमला क्रँकचा एक फेरा 8 मिलिसेकंदांत होतो. हिशेब केला तर पाईप 10 सेंटिमीटरने कमीजास्त झाला की लाटेच्या परतीत क्रँकचा जवळजवळ 15 अंशांचा फरक पडतो. व्यासाचेही तसेच. पाईप गरजेपेक्षा रुंद झाला की वायूचा वेग पडतो, लाट दुबळी होते आणि कोपऱ्यातून बाहेर पडताना लागणारा मधल्या आरपीएमचा टॉर्क जातो. शिवाय या गाड्यांच्या नियमांत इंजिनाला हवा घ्यायला 20 मिलिमीटरचाच गळा आहे. श्वासाची वाट एवढी अरुंद असताना मागची पुंगळी मोकळी करून वरच्या आरपीएमला काय मिळणार?

यावर लगेच दुसरा पक्ष उभा राहतो: "म्हणजे इंजिनाला बॅकप्रेशर लागतेच ना!" नाही, लागत नाही. ही समजूत पहिलीपेक्षा चिवट आहे, कारण ती अनुभवाचा आधार घेते. कोणीतरी मोठा पाईप लावतो, खालची ओढ मरते, आणि बॅकप्रेशर गेल्याचे निदान होते. खरे तर गेलेला असतो वायूचा वेग आणि चुकलेली असते लाटेची वेळ. त्यात इंधनाचा मॅपही जुनाच राहिलेला असतो. मागचा दाब म्हणजे पिस्टनने धूर ढकलताना फुकट घालवलेले काम. तो कुठल्याच इंजिनाला हवासा नाही. या समजुतीपायी आपली मुले पाईप दाबून, आत पट्ट्या बसवून "दाब वाढवतात" आणि टॉर्कचा खड्डा तसाच राहतो.

तिसरा पक्ष मनातून येतो, म्हणून त्याला मान देऊन उत्तर द्यायला हवे. आवाज हा स्पोर्ट्स कारचा प्राण आहे, तो दाबून गाडीचे काय उरले, असे मुले विचारतात. इंजिनाचा स्वर मलाही प्रिय आहे. पण स्वर आणि आवाजाची पातळी या दोन निरनिराळ्या गोष्टी आहेत. स्वर इंजिनाच्या स्फोटांच्या क्रमातून आणि पाईपच्या घडणीतून येतो. मफलर नीट असला की तो राहतो, कानाला बोचणारा पत्र्याचा खडखडाट तेवढा जातो. परदेशी गाड्या मोकळ्या गर्जतात, हेही खरे नाही. घरी जोडलेल्या गाडीला ब्रिटनमध्ये रस्त्यावर येण्याआधी आवाजाची तपासणी असते आणि तिची मर्यादा 99 डेसिबल आहे. आपल्या रस्त्यांसाठी तर 1989च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांतला नियम 120 प्रत्येक गाडीला सायलेन्सर सक्तीचा करतो आणि 2019च्या दुरुस्तीनंतर आवाजाच्या प्रदूषणाला तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा दहा हजारांपर्यंत दंड आहे. महाविद्यालयाच्या आवारात रात्री चाचणी घेताना वसतिगृहात झोपलेल्या मुलांची आठवण ठेवायला कायद्याचीही गरज पडू नये.

आता मफलर निवडायचा कसा, ते पाहू. बरेच संघ नाना पेठेतून किंवा ऑनलाइन एक देखणा, हलका, सरळ छिद्रित नळीचा आणि भोवती ग्लासवूल भरलेला डबा आणतात. हा डबा वरच्या पट्टीचे आवाज छान शोषतो, पण एकसिलिंडर इंजिनाचा त्रास खालच्या पट्टीत आहे. 7500 आरपीएमला चार-स्ट्रोक सिलिंडर सेकंदाला 62.5 वेळा पेटतो. म्हणजे मूळ ठोका 62.5 हर्ट्झचा. रोजच्या मोजणीतले 'ए' माप या पट्टीतला आवाज सुमारे 26 डेसिबलने कमी धरते. स्पर्धेत मात्र 'सी' माप वापरतात आणि ते या ठोक्याला जवळजवळ काहीच सूट देत नाही. म्हणून मोबाइलच्या ॲपवर पास झालेली गाडी कोइम्बतूरला फॉर्म्युला भारत या स्पर्धेच्या नॉइज टेस्टमध्ये अडकू शकते. तिथे मायक्रोफोन एक्झॉस्टच्या तोंडापासून अर्ध्या मीटरवर, 45 अंशांत ठेवतात. आयडलला 103 आणि त्यावर 110 डेसिबलची मर्यादा असते. चाचणीचा आरपीएम पिस्टनच्या सरासरी वेगावरून ठरतो आणि 60 मिलिमीटर स्ट्रोकच्या या इंजिनासाठी तो 7500 येतो. खालची पट्टी ग्लासवूलने मरत नाही, तिला आकारमान लागते. इंजिनाच्या निदान दहापट, म्हणजे पावणेचार लिटरच्या आसपास पोकळी हा कामचलाऊ आडाखा आहे. एक फुगवटा कप्पा आणि त्यामागे शोषक भाग अशी जोडी बांधली, तर ताकद फारशी न गमावता पातळी खाली येते. पण हा डबा मोठा होतो. मोठा डबा आयत्या वेळी कुठे बसवणार? माझ्या म्हणण्याचा गाभा इथे आहे. मफलरची जागा चासीच्या पहिल्या रेखाटनात धरलेली नसेल, तर पुढे छोटा डबा, मोठा आवाज आणि घाईत कोंबलेली रद्दी एवढेच पर्याय उरतात.

बसवण्यातही हीच गोष्ट. 304 स्टेनलेसचा एक मीटर पाईप 600 अंश तापला की सुमारे 10 मिलिमीटर लांबतो. इंजिनाला एका टोकाला आणि चासीला दुसऱ्या टोकाला घट्ट बोल्ट केला, तर तो कुठे जाणार? वेल्डच्या कडेने तडकतो. म्हणून बेंड पाईप आणि मफलर यांच्यामध्ये स्प्रिंगांनी धरलेला स्लिप जॉइंट हवा आणि मफलरचे ब्रॅकेट रबराच्या बुशांवर. टिग वेल्डिंग करताना पाईपच्या आतूनही अर्गॉन सोडावा लागतो, नाहीतर आतल्या बाजूला दाणेदार काळा थर धरतो आणि पुढे तिथूनच चीर सुटते. भोसरीतला अनुभवी वेल्डर हे सांगण्याची वाट पाहत नाही. घाईतला विद्यार्थी मात्र सिलिंडर वाचवायला हाच टप्पा गाळतो. फ्लँजच्या गॅस्केटमधली गळती तर सर्वांत फसवी. लाटेच्या कमी दाबाच्या क्षणी बाहेरची हवा आत खेचली जाते, लॅम्डा सेन्सरला जास्त प्राणवायू दिसतो, ईसीयूला मिश्रण पातळ झाल्यासारखे वाटते आणि तो पेट्रोल वाढवतो. मग मुले आठवडाभर मॅपमध्ये दोष शोधत बसतात. सेन्सरही पाईपच्या वरच्या अंगाला, तिरका बसवावा, म्हणजे साचलेले पाणी त्यात शिरत नाही. आणि हात-पाय पोचेल अशा प्रत्येक तापल्या भागावर उष्णतारोधक पत्रा हवाच. लोटस सेव्हनच्या अंगालगत बाहेरून धावणाऱ्या एक्झॉस्टने अनेकांच्या पोटऱ्या भाजल्या आहेत.

"एवढा खर्च आणि वजन कोण सोसणार?" हा शेवटचा आक्षेप. वजन दोन-तीन किलोंनी वाढेल, हे मान्य. पण नॉइज टेस्टमध्ये अडकलेली गाडी ट्रॅकवर उतरूच शकत नाही आणि रात्रभर केलेली डागडुजी सोबत वजन व चिंता दोन्ही आणते. पुण्याला तर सबब सांगायलाही जागा नाही. 1966 साली स्थापन झालेली एआरएआय याच शहरात आहे, तिच्या टेकडीवर आपण फिरायला जातो, आणि डायनो, टिग वेल्डर, स्टेनलेस पाईप हे सगळे पिंपरी-चिंचवडपर्यंतच्या टापूत मिळते.

म्हणून माझी मागणी अगदी नेमकी आहे. बेंड पाईपची ठरवलेली लांबी व तिच्यामागचा आरपीएम, मफलरचे आकारमान व चासीवरची त्याची जागा, आणि 7500 आरपीएमला 'सी' मापाने अपेक्षित पातळी, या तीन गोष्टी कागदावर नसलेल्या संघाला मार्गदर्शक प्राध्यापकांनी चासीची पहिली नळी कापायची परवानगी देऊ नये.