विंचवाचे बिऱ्हाड आणि दिघोरीचे मैदान

ऑगस्ट 2025 मध्ये खालिद जमील यांची भारतीय फुटबॉल संघाच्या मुख्य प्रशिक्षकपदी नियुक्ती झाली, तेव्हा सॅव्हिओ मेदेरा यांच्यानंतर तब्बल तेरा वर्षांनी हे पद एका भारतीयाकडे आले म्हणून सर्वत्र समाधान व्यक्त झाले. ते योग्यच होते. परंतु त्या पदापर्यंत पोहोचण्यासाठी या माणसाला कोणत्या वाटा तुडवाव्या लागल्या, याचा विचार मात्र फारसा झाला नाही. तो होणे अगत्याचे आहे; कारण या देशात खेळ शिकविणाऱ्याचे स्थान काय, हे त्यातून उघड होते.

जमील मुंबईच्या मैदानावर वाढलेले खेळाडू. दुखापतींनी त्यांची खेळाडू म्हणून कारकीर्द आखडली आणि 2009 मध्ये ते मुंबई एफसीचे प्रशिक्षक झाले. तेथे ते सुमारे सात वर्षे टिकले. ही त्यांची सर्वांत दीर्घ वस्ती. पुढची कहाणी मात्र विंचवाच्या बिऱ्हाडाची. आदल्या हंगामात पदावनत झालेल्या आणि गोव्याच्या क्लबांनी माघार घेतल्यामुळेच स्पर्धेत परतलेल्या ऐझॉल संघाला त्यांनी 2016-17 मध्ये मोहन बागानपेक्षा अवघ्या एका गुणाने पुढे ठेवून आय-लीगचे अजिंक्यपद मिळवून दिले. ईशान्य भारतातील क्लबाने राष्ट्रीय लीग जिंकण्याचा तो पहिलाच प्रसंग. त्याच वर्षी ते ईस्ट बंगालकडे गेले, 2019 मध्ये मोहन बागानकडे, नंतर गुवाहाटीच्या नॉर्थईस्ट युनायटेडकडे आणि पुढे जमशेदपूरला. क्लबांचेही आयुष्य अनिश्चितच. ते ज्या महिंद्र युनायटेडकडून खेळले, तो संघ 2010 मध्ये विसर्जित झाला. मुंबई एफसीही आज अस्तित्वात नाही. जेथे घराचाच भरवसा नाही, तेथे भाडेकरूने स्थैर्य कोठून आणावे?

याचा परिणाम केवळ एका व्यक्तीच्या सोयी-गैरसोयीपुरता मर्यादित नाही. डावपेच आठवड्यात बदलता येतात. शरीर आठवड्यात घडत नाही. दमसास, स्नायूंची ताकद, गुडघे-घोट्यांची निगा, सराव आणि विश्रांती यांचा तोल ही कामे वर्षानुवर्षांची असतात. पुढचे दोन सामने हरलो तर गाठोडे बांधावे लागेल, ही टांगती तलवार ज्याच्या डोक्यावर असते, तो प्रशिक्षक जखमी खेळाडूला विश्रांती देण्याऐवजी मैदानात उतरविण्याचा मोह टाळू शकत नाही. सय्यद अब्दुल रहीम यांची गोष्ट वेगळी होती. पेशाने शिक्षक असलेल्या या गृहस्थांना 1950 पासून 1963 मधील निधनापर्यंत भारतीय संघ घडविण्याची संधी मिळाली आणि 1951 व 1962 च्या आशियाई सुवर्णपदकांनी तिचे सार्थक केले. याउलट ऑक्टोबर 2025 मध्ये मडगावला सिंगापूरकडून 2-1 असा पराभव होऊन आशियाई चषकाची वाट बंद झाली. त्याचे खापर अवघ्या दोन-अडीच महिन्यांपूर्वी आलेल्या प्रशिक्षकावर फोडणे सोपे आहे, न्याय्य नाही.

भंडारा जिल्ह्यातील दिघोरीसारख्या गावाला याच्याशी काय कर्तव्य, असा प्रश्न कोणी विचारील. फिरत्या कलावंताची ओळख या मुलखाला नवी नाही. धान कापून झाले की वडशाहून निघालेल्या झाडीपट्टीच्या नाटक कंपन्या गावोगाव पोहोचतात. रात्र रंगवून पुढच्या मुक्कामाला जातात. नाटकाला एक रात्र पुरते, प्रशिक्षणाला पुरत नाही. या पट्ट्यातील तरुण पोलीस भरतीच्या आशेने पहाटे डांबरी सडकेवर धावत असतात. मुलांना 1600 मीटर, मुलींना 800 मीटर हे अंतर ठरलेले; परंतु कसे धावावे, किती धावावे आणि कधी थांबावे, हे सांगणारे कोणी नसते. धावणाऱ्याचा गुडघा गेला की नोकरीची आशाही जाते. येथे प्रशिक्षक हा चैनीचा नव्हे, उपजीविकेचा प्रश्न ठरतो.

उपाय अगदीच अज्ञात नाहीत. शिक्षण हक्क कायदा 2009 च्या परिशिष्टात, सहावी ते आठवीचे शंभराहून अधिक विद्यार्थी असलेल्या शाळेत आरोग्य व शारीरिक शिक्षणासाठी अंशकालीन निदेशक असावा, असे स्पष्ट म्हटले आहे. या निदेशकाला वर्षभराचे काम आणि वेळेवर मानधन मिळाले, चार-पाच गावांच्या शाळा मिळून एक जाणता शिक्षक नेमला गेला, तर तो फिरेल. पण ठरलेल्या वाराला परत येईल. नागपुरात हिस्लॉप महाविद्यालयातील क्रीडा शिक्षक विजय बारसे यांनी झोपडपट्टीतील मुलांच्या पायात चेंडू दिला, तेव्हा त्यांच्यापाशी ना क्रीडासंकुल होते, ना अनुदान. होते ते एका शहरात ठाण मांडून राहण्याचे चिकाटीचे बळ.

शिखरावरच्या प्रशिक्षकाला मुदत नाही आणि पायथ्याशी प्रशिक्षकच नाही, अशी आजची अवस्था आहे. पायथा रिकामा ठेवून शिखराची माणसे बदलत राहिल्याने पदके मिळत नसतात. राष्ट्रीय संघाचा प्रशिक्षक कोण, याची चर्चा जेवढ्या उत्साहाने होते, त्याच्या चतुर्थांश उत्साहाने दिघोरीच्या शाळेत खेळ कोण शिकवितो, हा प्रश्न जिल्हा परिषदेत विचारला गेला पाहिजे.