तुळजापूरचा फ्लॅट माझ्या नावावर नको



यंदाच्या दशलक्षणात उत्तम आकिंचन्याचा दिवस होता. प्रवचन झालं, आरती झाली आणि मंदिराच्या पायरीवर चपला घालता घालता विषय निघाला तो तुळजापूरच्या फ्लॅटचा. एकीच्या मुलाने एक बुक केला होता, दुसरीच्या यजमानांनी दोन. भाविकांना रोजावर द्यायचे. "आपल्याला काहीच करावं लागत नाही बाई, मोबाइलवर बुकिंग येतं आणि पैसे खात्यात," असं एकजण म्हणाली. माझं काहीच नाही, हे शिकायचा तो दिवस! मला हसू आलं. घरी आले तर त्याच फ्लॅटचं माहितीपत्रक आमच्याही टेबलावर पडलेलं.

बेत असा होता. माझ्या २२ लाखांच्या ठेवी मोडायच्या, आईकडून आलेल्या पाटल्या विकायच्या, उरलेलं मुलगा घालणार. फ्लॅट माझ्या नावावर. का, तर बाईच्या नावाने दस्त केला की मुद्रांक शुल्कात १ टक्का सूट मिळते. मी नाही म्हणाले. आठ दिवस घरात कुणी माझ्याशी धड बोललं नाही. का नाही म्हणाले ते आज लिहिते, कारण हे माहितीपत्रक तुमच्याही टेबलावर येणार आहे, नाहीतर आलेलं आहे.

आधी त्यांची बाजू सांगते, ती काही खोटी नाही. तुळजाभवानी मंदिर परिसराच्या विकासाचा १,८६५ कोटींचा आराखडा २०२५ मध्ये मंजूर झाला. सोलापूर–तुळजापूर–धाराशिव हा ८४ किलोमीटरचा रेल्वेमार्ग होतो आहे. मुलगा म्हणाला, "आई, रेल्वे आली की भाविक दुप्पट होतील. आत्ता घेतलं तर घेतलं."

भाविक वाढतील, मलाही पटतं. पण मुक्काम वाढेल का? मी लग्न होऊन या जिल्ह्यात आले तेव्हा सोलापूरचे पाहुणे देवीला यायचे ते रात्री राहायचेच. आता चौपदरी रस्त्याने सोलापूर पाऊण-एक तासावर आलं. तेच पाहुणे सकाळी निघतात, दर्शन घेतात आणि दुपारच्या जेवणाला घरी. रस्ता सुधारला तसा मुक्काम कमी झाला. रेल्वे आल्यावर तो वाढेल असं कशावरून?

शिवाय तुळजापूरला राहायची सोय आज नव्याने होत नाही. पिढ्यान् पिढ्या भाविक आपापल्या पुजाऱ्याच्या घरी उतरत आले आहेत. भोपे आणि पाळीकर पुजाऱ्यांच्या घरी आजोबांपासूनच्या ओळखी असतात. मंदिर संस्थानची भक्तनिवासं आहेत, लॉज आहेत. या सगळ्यांना सोडून माणसं अनोळखी इमारतीच्या तिसऱ्या मजल्यावर चढतील, यावर आपल्या आयुष्याची शिल्लक लावायची!

आता हिशोब. मी बीकॉम झाले त्याला चाळीस वर्षं होऊन गेली, पण बेरीज-वजाबाकी अजून येते. फ्लॅट ३० लाखांचा. मुद्रांक शुल्क, नोंदणी, पलंग, गाद्या, एसी, गिझर धरून ३५ लाख. एका रात्रीचे सरासरी १,५०० रुपये धरले. नवरात्रात भाव चढतो, आषाढात कुणी विचारत नाही, म्हणून सरासरी. आठवड्याला दोन रात्री म्हणजे वर्षाच्या १०४. नवरात्र, कोजागरी, शाकंभरी नवरात्र आणि सुट्ट्या मिळून आणखी २६ दिल्या. झाल्या १३० रात्री, जमा १,९५,००० रुपये.

खर्चाची बाजू माहितीपत्रकात नसते, ती मी लिहिली. चादरी धुणं आणि सफाई रात्रीला २५० प्रमाणे ३२,५००. किल्ली देणारा-घेणारा माणूस महिना ४,००० प्रमाणे ४८,०००. वीजबिल २४,०००. सोसायटी १२,०००. ॲपचं कमिशन १५,०००. घरपट्टी, दुरुस्ती, फुटलेला नळ यांचे १५,०००. एकूण १,४६,५००. हातात राहिले ४८,५००. म्हणजे ३५ लाखांवर दीड टक्कासुद्धा नाही. यात उन्हाळ्यातला पाण्याचा टँकर धरलेलाच नाही, आणि आपल्या जिल्ह्यात उन्हाळा कसा जातो ते तुम्हाला सांगायला नको.

आता दुसरी बाजू. पोस्टातल्या ज्येष्ठ नागरिक बचत योजनेत मी हे लिहिते आहे तेव्हा ८.२ टक्के व्याज आहे. २०२३ च्या एप्रिलपासून तिची मर्यादा ३० लाख झाली आहे. माझे २२ लाख तिथे ठेवले तर दर तिमाहीला ४५,१०० रुपये येतात, वर्षाचे १,८०,४००. त्यावर कर लागतो हे खरं, पण भाड्यावरही लागतोच. फ्लॅटने एवढ्याच टक्क्यांची बरोबरी करायची तर वर्षातल्या जवळजवळ ३४० रात्री भरायला हव्यात. तेवढ्या रात्री तर तुळजापुरातलं जुनं लॉजही भरत नसेल.

माझे हे म्हणाले, "ठेवी बुडतात, विटा बुडत नाहीत." हे बोलणं कुठून येतं ते मला कळतं. शेजारच्या बीड जिल्ह्यात मल्टिस्टेट पतसंस्थांमध्ये लोकांच्या आयुष्यभराच्या ठेवी अडकल्या, त्या झळा आपल्याकडेही आल्या. पण पतसंस्था म्हणजे बँक नाही. बँकेत माणशी ५ लाखांपर्यंतच्या ठेवीला विमा असतो, पतसंस्थेला तो नाही. पोस्टाच्या मागे तर सरकारच उभं आहे. पतसंस्थेने पोळलं म्हणून पोस्टावर राग काढून बिल्डरकडे जायचं, हा कुठला न्याय?

"किंमत वाढेल" हे शेवटचं अस्त्र. वाढेलही. पण रेल्वेची बातमी बिल्डरने आपल्या आधी वाचलेली असते, ती किमतीत धरूनच तो आपल्याला विकतो. आणि वाढलेली किंमत विकल्याशिवाय हातात येत नाही. उद्या दवाखान्याला पैसे लागले तर बाथरूम विकून बाकीचा फ्लॅट ठेवता येत नाही. पोस्टातली ठेव मात्र थोडं व्याज सोडून मोडता येते.

अजून एक गोष्ट, ती ऐकून माझा निर्णय पक्का झाला. फ्लॅट दाखवायला आलेला माणूस सहज म्हणाला, "काकू, एवढे चेकने, एवढे रोख." घर-जमिनीच्या व्यवहारात २०,००० किंवा त्याहून जास्त रोख घेणं कायद्याने बंद आहे, घेतली तेवढाच दंड होऊ शकतो. पण कायदा बाजूला ठेवा. सत्य आणि अचौर्य ही आपली अणुव्रतं. दस्तावर खोटी किंमत लिहून त्याखाली सही माझी होणार होती. सूट मिळवायला माझं नाव, खोटं लिहायलाही माझंच नाव! आणि ज्या बायकांच्या घरी पैसा यजमानांचा आहे त्यांनी हेही ऐका: नवऱ्याच्या पैशाने बायकोच्या नावावर घर घेतलं तर त्याचं भाडं करासाठी नवऱ्याच्याच उत्पन्नात धरतात. म्हणजे नाव आपलं, किल्ली दुसऱ्याची, हिशोब तिसऱ्याचा.

आता धर्माचं बोलते. दशलक्षणात आपण तत्त्वार्थसूत्राचा रोज एक अध्याय ऐकतो. सातव्या अध्यायात परिग्रह-परिमाण व्रताचे अतिचार सांगितले आहेत. त्या यादीत सोनं नंतर येतं, धान्य नंतर येतं. सगळ्यात आधी येतं क्षेत्र आणि वास्तू, म्हणजे जमीन आणि घर. आचार्यांना माणसाची हाव नेमकी ठाऊक होती. आपण बटाटा सोडतो, रात्रीचं पाणी सोडतो. तिसरं घर कधी सोडणार?

आणि त्या घरात काय होणार याचा विचार करा. देवीला येणाऱ्या कितीतरी घरांत सामिष नैवेद्याची रीत आहे. ती त्यांची श्रद्धा, मी नावं ठेवणार नाही. पण भाडं घ्यायचं आणि आपल्या ओट्यावर काय शिजलं ते बघायचं नाही, की दारात उभं राहून पाहुण्यांची भांडी तपासायची? मला दोन्ही जमणार नाही.

समंतभद्र आचार्यांनी रत्नकरंड श्रावकाचारात दानाचे चार प्रकार सांगितले, त्यात आहार, औषध, उपकरण यांच्याबरोबर आवासही आहे. कुंथलगिरीला आपण गेलो की धर्मशाळेत उतरतो. ती खोली आपल्या आधीच्या कुणा श्रावक-श्राविकेने बांधून दिलेली असते. १९५५ साली आचार्य शांतिसागर महाराजांनी तिथेच सल्लेखना घेतली, ते दिवस आमच्या सासूबाई नेहमी आठवायच्या. डोंगराखाली मुक्कामाला किती माणसं होती आणि कुणी कुणाकडे पैसा मागितला नाही, असं सांगायच्या. यात्रेकरूला जागा देणं हे आपल्याकडे पुण्य होतं. आपण त्याचा दर ठरवायला निघालो आहोत.

कुणी म्हणेल, मग बाईने कमवायचं नाही का? जरूर कमवावं, पण स्वतः. घरात रिकामी खोली असेल तर निवास-न्याहारी योजना आहे. २०२३ मध्ये सरकारने महिलांसाठी 'आई' पर्यटन धोरण आणलं, त्यात १५ लाखांपर्यंतच्या कर्जाच्या व्याजाचा परतावा ठरावीक मर्यादेत मिळतो. कुंथलगिरीला जाणाऱ्या यात्रेकरूंना सूर्यास्ताआधी शुद्ध जेवण मिळालं तर ते दुवा देतील आणि पैसेही देतील. ते जमत नसेल तर आपल्या धाराशिवात सरकारी मेडिकल कॉलेज झालं आहे. शिकणाऱ्या मुली, नर्स खोल्या शोधत फिरतात आणि आपल्या वाड्यांच्या माड्या कुलूप लावून धूळ खातात. "कोण कुठली माणसं" म्हणून आपण देत नाही. रोजावर येणाऱ्या अनोळखी माणसाला ॲपवरून किल्ली द्यायला तयार, पण नर्सला अकरा महिन्यांच्या नोंदणीकृत करारावर माडी द्यायला मन होत नाही!

मी माझे २२ लाख पोस्टात ठेवले. पाटल्या कपाटात आहेत, त्या नातीच्या शिक्षणाला जातील. वरची माडी पावसाळ्यानंतर रंगवून घेतली, तिथे आता दोन नर्स राहतात. घरातला अबोला नवव्या दिवशी संपला. मुलगा अजून म्हणतो, "आई, तू संधी घालवलीस." म्हणू दे.

तुमच्याकडे माहितीपत्रक आलं तर सही करायच्या आधी खर्चाची बाजू स्वतःच्या हाताने लिहा, "रोख किती" ते सगळ्यांसमोर मोठ्याने विचारा, आणि आपल्या व्रतात किती घरं लिहिली आहेत ते आठवा. लिहिलीच नसतील तर आज लिहा. कागद नवऱ्याला दाखवा, मुलालाही दाखवा. मग बघा कोण काय बोलतं.